दहापैकी पायगुण

आमच्या नातीला क्लबनं सगळ्यांत पहिली निवडली होती, आणि सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं.

लेस्टरच्या एका फुटबॉल क्लबची मुलींची अकॅडमी आहे. जूनमध्ये ट्रायल झाली. पन्नासेक पोरी आल्या होत्या, त्यांतल्या बावीस ठेवायच्या आणि त्यांच्या दोन टीम करायच्या. एक कोचबाई आणि एक कोच समोरासमोर उभे राहिले. एक नाव हिनं घ्यायचं, एक त्यानं. लहानपणी लंगडी खेळताना आम्ही गडी वाटून घ्यायचो, अगदी तसं. कोचबाईनं पहिलंच नाव घेतलं ते आमच्या नातीचं. तिला पंधरावं लागलं होतं. ती पळत जाऊन तिच्या बाजूला उभी राहिली आणि बाकीची एकवीस नावं होईपर्यंत हसू दाबत होती. शेवटचं नाव एका लुकड्या, लांब पायांच्या पोरीचं आलं. तिचा बाप माझ्या शेजारीच उभा होता, प्लास्टरचं काम करणारा, पँटवर पांढरे डाग. त्यानं नुसता श्वास सोडला. घेतली, एवढंच त्याला पुरे होतं.

माझ्या मुलाला मात्र पुरे कशाचंच नसतं. त्या दिवसापासून तो लेकीला नावानं हाक मारेना. "फर्स्ट पिक, उठा! फर्स्ट पिक, दात घासा!" गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये आरतीला उभं राहिलं तरी शेजारच्याला सांगतोय, "फर्स्ट पिक बरं का." लोक हो हो म्हणायचे. फर्स्ट पिक म्हणजे काय, हे निम्म्यांना माहीत नव्हतं.

सुनेची शनिवारी हॉस्पिटलात ड्यूटी असते. ती म्हणाली, "आई, तुम्ही जाल का बरोबर? हे एकटे गेले की भांडून येतात." म्हणून मी जायला लागले. घडीची खुर्ची, गुडघ्यावर पांघरायला ब्लँकेट, फ्लास्कमध्ये चहा. फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, हेसुद्धा मी बोलते आणि सून लिहून घेते. पण इथल्या कारखान्यात बावीस वर्षं काढली, त्यामुळं इंग्रजी कानात पक्कं आहे. तोंडात तेवढं नाही.

सप्टेंबरात मॅचेस सुरू झाल्या. पहिली चार गोलनी हरलो. दुसरी हरलो. तिसऱ्या मॅचला पोरीच्या पायातून बॉल गेला आणि समोरच्यांनी तिथूनच गोल केला. चौथ्याला अर्ध्यातच तिला बाहेर घेऊन बेंचवर बसवली. आणि ती लुकडी, शेवटी उरलेली, दुसऱ्या कोचच्या टीममधून दर शनिवारी पलीकडच्या मैदानावर गोल करत होती. तिच्या बापालाच अवघडल्यासारखं व्हायचं. माझ्यासमोरून जाताना म्हणायचा, "युवर्ज विल कम गुड, लव्ह." तुमचीही चमकेल एक दिवस, असं. भला माणूस. मी त्याला चहा द्यायची.

सगळेच तसे नव्हते. माझ्या खुर्चीच्या मागं दोन आया उभ्या असायच्या. एक म्हणाली, "दॅट्स द फर्स्ट पिक?" दुसरी म्हणाली, "मस्ट हॅव बीन सनी दॅट डे." म्हणजे निवडताना कोचबाईच्या डोळ्यांवर ऊन आलं असणार. आणि दोघी हसल्या. म्हातारीला काय समजतंय, असं त्यांना वाटलं असणार. मी मान वळवली नाही. मुलानंही ऐकलं. मग तो रेषेवर जाऊन आणखी जोरात ओरडायला लागला. "मूव्ह! अगं मूव्ह ना! पास दे! मागं बघ!" अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी.

शेवटी उरलेली पोर चुकली तर लोक म्हणतात, शिकेल. पहिली निवडलेली चुकली तर म्हणतात, फसवलं.

चौथ्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी साताऱ्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. ती थट्टेखोर. म्हणाली, "काय गं अक्का, तुझी नात फुटबॉल खेळती म्हणं? उद्या नवऱ्याला लाथा घालील बघ!"

मी म्हणलं, "नवऱ्याचं नंतर बघू. आधी बॉलला तर लागू दे. ही गेल्यापासून टीम एक मॅच जिंकली नाही. पोरीचा पायगुणच खराब, दुसरं काय!"

दोघी हसलो. फोन ठेवला. मी लसूण सोलायला बसले.

नात कॉर्नफ्लेक्सचा बोल घेऊन समोर येऊन बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आजी, माझं पायगुण खराब आहे?"

माझ्या हातातला लसूण हातातच राहिला.

"कोण म्हणलं तुला?"

"तू. फोनवर. आत्ता."

ती चमच्यानं दूध ढवळत होती. "आय न्यू इट," म्हणाली. "किती आहे? दहापैकी?"

"काय दहापैकी?"

"पायगुण! पायाचे गुण. मार्क्स. कोच पण देते ना मॅचनंतर, आउट ऑफ टेन. तू पण देतेस, मला माहीत नव्हतं."

शनिवारच्या मराठी शाळेत ती लहानपणी तीन वर्षं गेली होती. तिथं गुण म्हणजे मार्क. पाय तिला माहीत, गुण माहीत. दोन्ही जोडून तिनं आपला अर्थ केला होता. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. रडवेली वगैरे काही नव्हती. तिला खरंच आकडा पाहिजे होता.

मी म्हणलं, "पाच."

"फाइव्ह?" तिचा चेहरा उजळला. "कोचनी फोर दिला!" आणि बोल उचलून वर पळाली.

मी मात्र तिथंच बसून राहिले. तो शब्द माझ्या तोंडातून आलाच कसा, हेच मला कळेना. तो शब्द मी या घरात कधी उच्चारायचा नाही असं ठरवलं होतं.

मी एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथं आले. सासूबाई खास मुलगी बघायला म्हणून साताऱ्याला आल्या होत्या. अकरा पोरी बघितल्या आणि मला पसंत केलं. रंग उजळ, हाताला काम, खाली मान. माझ्या आईनं गावभर सांगितलं, विलायतेच्या बाईनं अकरांतून आमची उचलली. इथं आल्यावर सासूबाईंनीही चार घरांत मला मिरवलं. अकरा बघितल्या, मग ही.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या ह्यांना कारखान्यानं घरी बसवलं. एकट्यांना नाही, सगळी शिफ्टच. पण शिफ्टमधल्या बाकीच्यांच्या घरी नवी सून आली नव्हती. तिसऱ्या महिन्यात सासरे गेले, सकाळी चहाचा कप हातात असताना. वर्षाच्या आत माझं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. सासूबाई माझ्यावर कधी ओरडल्या नाहीत. हात उचलला नाही. घरी कोणी भेटायला आलं की मी चहा घेऊन जायची, आणि मी स्वयंपाकघरात परत पोचायच्या आत त्यांचं वाक्य कानावर यायचं. "अकरा बघून आणली. पण पायगुण काय कपाळावर लिहिलेला असतो?"

नव्या सुनेला सहा महिने बघतात. त्या सहा महिन्यांत घरात जे होईल ते तिच्या पायावर. मग पुढं तीस वर्षं काहीही करा, तो आकडा बदलत नाही. सासूबाईंची शेवटची दोन वर्षं मीच त्यांना आंघोळ घातली, भरवलं. त्यांनी तो शब्द मागं घेतला नाही. मीही मागं घ्या म्हणाले नाही.

आणि आता तोच शब्द मी हसत हसत फोनवर पोरीला लावला होता.

पुढच्या शनिवारी मॅच संपल्यावर नात चिखलानं भरलेली आली आणि म्हणाली, "पायगुण?"

खोटं सांगायचं तर बघायला लागत नाही, पण तिच्याशी खोटं बोलावंसं वाटेना. त्या दिवशी मी नीट बघितलंच नव्हतं. मी म्हणलं, "पाच. पुढच्या वेळी नीट बघून सांगते."

मग मी बघायला लागले. बॉल कुठं जातो, गोल कोण करतं, ते सोडून दिलं. फक्त तिचे पाय. एक मॅच, दोन मॅच. तिसऱ्या मॅचला मला दिसलं. बॉल तिच्याकडं यायचा, पाय बरोबर जागेवर असायचा, आणि मारायच्या आधी एकदा, पापणी लवते तेवढ्या वेळात, ती रेषेकडं बघायची. बापाकडं. तेवढ्यात समोरची पोर येऊन बॉल काढून न्यायची. दर वेळी.

हे मला ओळखीचं होतं. ह्यांची नोकरी गेल्यावर मी होजिअरीच्या कारखान्यात लागले. ओव्हरलॉक मशीनवर कार्डिगनला बाह्या जोडायच्या. नव्या बाईला सहा आठवडे द्यायचे, तेवढ्यात हात बसला नाही तर घरी. मला तिथं एका ओळखीच्या बाईनं शब्द टाकून लावलं होतं, हिचा हात फार चांगला आहे म्हणून. चौथा आठवडा लागला तरी सगळ्यांत कमी बंडलं माझी. समोर काचेची केबिन, आत सुपरवायझर. बाही लावली की मी वर बघायची. ती बघतेय का? टाका वाकडा. उसवा. परत लावा. शेजारच्या मशीनवर एक म्हातारी गुजराती बाई होती. चार दिवस तिनं हे बघितलं. पाचव्या दिवशी उठली, कापडाचा एक मोठा तुकडा घेतला आणि माझ्या मशीनच्या दिव्याच्या दांडीवर टांगला. केबिन दिसेनाशी झाली. बाई परत जाऊन आपल्या कामाला लागली, एक शब्द बोलली नाही. मी तिथं बावीस वर्षं टिकले.

त्या तिसऱ्या मॅचलाही आम्ही हरलो. व्हॅनमधून घरी येताना मुलगा स्टिअरिंगवर हात आपटत होता. "अर्धा तास खेळवली आणि परत बेंच! फर्स्ट पिक बेंचवर! लोक काय म्हणत असतील? आता पंधरा दिवसांनी रिव्ह्यू आहे. काढून टाकतील, आई. लिहून घे." नात मागं बसली होती, खिडकीकडं तोंड करून.

मी म्हणलं, "पुढच्या शनिवारपासून तू व्हॅनमध्ये बसायचं. रेषेवर यायचं नाही."

"काय?"

"ती तुझ्याकडं बघते आणि बॉल घालवते."

"आई, तुला फुटबॉलमधलं काय कळतं?"

"काही नाही. गाडी बाजूला घे."

त्यानं घेतली. एका टायरच्या दुकानासमोर उभे होतो आम्ही. आणि मी त्याला सांगितलं. अकरा पोरींचं सांगितलं. तिसऱ्या आठवड्याचं, त्याच्या आजोबांचं, त्याच्या आधीच्या मुलाचं. त्याला इतकंच माहीत होतं की एक मूल गेलं. पायगुण हा शब्द त्याच्या आजीनं मला लावला होता, हे त्याला माहीत नव्हतं. तो आजीचा फार लाडका. त्याच्यासमोर मी कधी काढलंच नव्हतं.

"तू आता पोरीला तेच करतोयस," मी म्हणलं. "आणि त्या दिवशी फोनवर मीपण केलं."

मागून नात म्हणाली, "म्हणजे पायगुण मार्क्स नाही?"

"नाही."

"म्हणजे आली आणि सगळं बॅड झाला, असा?"

"तसंच."

ती म्हणाली, "मग तू मला पाच का दिले?"

"कारण तू पाचाचं खेळलीस."

ते तिला पटलं असावं. गाडी सुरू झाली. सिग्नलला थांबलो तेव्हा ती पुढं वाकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आजी, आजोबाचा जॉब गेला, दॅट्स नॉट युवर फीट. दॅट्स द फॅक्टरी."

एवढी साधी गोष्ट. पन्नास वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती. आमचे हेसुद्धा नाही, आणि हे स्वभावानं चांगले होते. मी फक्त मान हलवली.

पुढचे दोन शनिवार मुलगा व्हॅनमध्ये बसला. पार्किंगमधून मैदान दिसत नाही. दर दहा मिनिटांनी मला फोन. "काय चाललंय?" मी म्हणायची, "पळतायत." आणि ठेवून द्यायची. पोरीनं पहिल्या शनिवारी दोन-तीनदा रेषेकडं बघितलं. तिथं मीच होते, ब्लँकेट घेऊन. माझ्याकडं बघण्यात काय अर्थ? तिनं बघायचं सोडलं. सहा दिले मी तिला. दुसऱ्या शनिवारी पाऊस बारीक आणि वारा बोचरा, मॅच एक-एक झाली, आणि तो एक गोल हिनं पुढं दिलेल्या बॉलवर झाला. त्या दिवशी सात दिले. तिनं आठ मागितले. मी म्हणलं, "मागून मिळत नाहीत."

रिव्ह्यू बुधवारी होता. मैदानाच्या कडेला पत्र्याच्या केबिनमध्ये कोचबाई, समोर एक कागद. आम्ही तिघं. सून ड्यूटीवर. कोचबाई चांगली होती, बोलताना पोरीकडं बघून बोलायची, आमच्याकडं नाही. म्हणाली, मी तुला पहिली घेतली, तेव्हा मला वाटलं होतं टीम तुझ्याभोवती उभी करीन. तसं झालेलं नाही. दुसऱ्या मुली पुढं गेल्यात. पुढच्या आठवड्यापासून तू या टीममध्ये नसशील.

मुलगा उठलाच. "यू पिक्ड हर फर्स्ट! तुम्हीच निवडलीत ना?"

"हो," कोचबाई म्हणाली. "कदाचित जूनमध्ये चुकले असेन. कदाचित आत्ता चुकत असेन. मला अजून माहीत नाही."

माझ्या आयुष्यात कुणी वरच्या खुर्चीवर बसून असं म्हणालेलं मी ऐकलं नव्हतं. म्हणून मला धीर आला. मी इंग्रजीत म्हणलं, "लास्ट टू मॅच. यू सी?"

"आय सॉ," ती म्हणाली. "म्हणूनच मी तिला सोडून देत नाहीये."

मग तिनं कागद उलटा केला आणि दोन वाटा सांगितल्या. एक, क्लब सोडायचा, ती दुसऱ्या ठिकाणी चिठ्ठी देईल. दोन, इस्टरपर्यंत खालच्या ग्रुपमध्ये, तेरा वर्षांच्या मुलींबरोबर ट्रेनिंग करायचं. मॅच खेळायला मिळणार नाही, वय जास्त म्हणून. नुसता सराव. इस्टरला ती परत बघेल. शब्द देत नाही. सोमवारपर्यंत कळवा.

चार दिवस घरात तेच. मुलगा म्हणाला, सोडायचं. कॉव्हेंट्रीला क्लब आहे, तिथं नव्यानं सुरुवात. इथं राहून काय, फर्स्ट पिक होती ती बच्च्यांबरोबर खेळते म्हणून दाखवायचं? सून म्हणाली, अहो, तिला विचारा. मुलगा म्हणाला, पंधरा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? रविवारी रात्री जेवताना तो माझ्याकडं वळला. "आई, तू सांग तिला. तुझं ऐकेल."

ते मलाही माहीत होतं. माझं ऐकलं असतं तिनं. म्हणूनच मी बोलले नाही. आमटी वाढली आणि गप्प बसले. मला राहा म्हणावंसं वाटत होतं की जा म्हणावंसं वाटत होतं, ते इथंही सांगत नाही.

नातीनं चपातीचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. "आय'ल स्टे," म्हणाली. आणि बापानं तोंड उघडायच्या आत, "डॅड, प्लीज. माझ्या पायाने मी खेळणार. तू नाही."

मुलगा उठून हात धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "मंगळवारी किती वाजता सोडायचं?"

मंगळवारी मीपण गेले. ट्रेनिंग बघायला कोणी येत नाही, रेषेवर मी एकटीच. तेरा वर्षांच्या पोरी म्हणजे अजून लहानच, केसांना रंगीत रबरं, एकमेकींच्या पाठीवर उड्या. त्यांच्यात ही एक डोक्यानं उंच. पलीकडच्या मैदानावर तिच्या जुन्या टीममधल्या मुली वॉर्म-अप करत होत्या. त्यांनी बघितलं, एकीनं हात केला. हिनंही केला. कष्टानंच केला असेल, पण केला.

एक बुटकी पोर पळत तिच्यापाशी आली, मान वर करून म्हणाली, "आर यू द न्यू कोच?"

"नो," नात म्हणाली. "आय'म जस्ट न्यू."

आणि रांगेत सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.